तैमूरच्या घरची तीमारदारी

उर्दूत तीमारदारी असा एक शब्द आहे. मराठीत त्याला शुश्रूषा म्हणता येईल. पण रात्र रात्र उशाशी बसणे, औषधाची वेळ सांभाळणे, रुग्णाची चिडचिड मुकाट्याने सोसणे, हे सगळेच त्या शब्दात येते. इतिहासाच्या पुस्तकात तो सापडत नाही. आम्ही उर्दू शाळेत इतिहास शिकवतो. मुले पानिपतचे साल घडाघडा सांगतात; बादशहा आजारी पडल्यावर त्याच्याजवळ कोण बसले, हे त्यांनी विचारावे असे पुस्तकात काही नसतेच. मोगलांचे नाव निघाले की आपल्याकडे बहुधा वाद सुरू होतो. त्या वादापासून थोडे दूर, या घराच्या आजारपणांकडे पाहावे असे आम्हांला वाटले.

घराण्याचा मूळपुरुषच लंगडा. लंग म्हणजे लंगडा, म्हणून तैमूरलंग. १९४१ साली समरकंदला त्याची कबर उघडली गेली, तेव्हा हाडांवरून उजव्या पायाचे अधूपण खरे ठरले.

त्याचा वंशज बाबर आपल्या दुखण्यांविषयी मोकळेपणाने लिहितो. डिसेंबर १५२६ मध्ये आग्र्याला इब्राहिम लोदीच्या आईने स्वयंपाक्याकरवी त्याच्या जेवणात विष घातले. त्याला उलट्या झाल्या आणि तो वाचला. जीव इतका प्यारा असतो हे तोवर कळले नव्हते, अशा अर्थाचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे १५२८ मध्ये ताप हटेना, तेव्हा त्याने ख्वाजा अहरार यांची एक पुस्तिका पद्यात आणायला घेतली. कसीदा बुर्दा रचून इमाम बूसीरींचा पक्षाघात बरा झाला, तसे आपलेही व्हावे ही आशा! तलवारबाज बाबरापेक्षा हा बाबर आम्हांला अधिक जवळचा वाटतो.

१५३० साली हुमायून संभलला आजारी पडला. त्याला नावेने आग्र्याला आणले जात असताना आई माहम बेगम मथुरेपर्यंत सामोरी गेली. मग बाबराने मुलाच्या बिछान्याभोवती फेऱ्या मारून त्याचे दुखणे स्वतःवर मागून घेतले, ही कथा सर्वांना ठाऊक आहे. ती लिहिली गुलबदन बेगमने. त्या वेळी ती आठेक वर्षांची होती. पुढे म्हातारपणी, भाचा अकबराच्या सांगण्यावरून तिने हुमायूननामा लिहिला. तीच हेही नोंदवते की, बाबराची लक्षणे जुन्या विषाची आहेत असे हकिमांचे मत होते. दुआ आणि विष, दोन्ही तिने लिहिले. घरातल्या माणसाने लिहिलेला इतिहास असा असतो.

मोगलांत गादी थोरल्याचीच असा नियम नव्हता. त्यामुळे बादशहाचा ताप हा घरचा प्रश्न राहत नसे. जानेवारी १५५६ मध्ये हुमायून दिल्लीत जिन्यावरून पडून वारला, तर त्याच्यासारखा दिसणारा माणूस लोकांना दाखवून बातमी दडवावी लागली. अकबर तेव्हा तेरा वर्षांचा होता. त्याच्या तीन मुलांपैकी मुराद आणि दानियाल हे दोघे दारूने गेले. तिसरा जहांगीर, त्याचे हात इतके थरथरत की प्याला दुसऱ्याने धरावा लागे. हे त्यानेच लिहिले आहे. १६२१ च्या दुखण्यात नूरजहांने त्याचे प्याले हळूहळू कमी केले. तिचा अनुभव हकिमांपेक्षा मोठा, अशी कबुलीही तो देतो.

शाहजहान आणि जहांआरा यांची गोष्ट मात्र थांबून सांगण्यासारखी आहे. १६३१ मध्ये बुऱ्हाणपूरला चौदाव्या बाळंतपणात मुमताज महल गेली. सतरा वर्षांच्या जहांआरावर घर आले. १६४४ मध्ये दिव्याची ज्योत लागून तिचे तलम कपडे पेटले. तिला विझवायला धावलेल्या दासींपैकी दोघी मेल्या. त्यांची नावे आम्हांला कुठे आढळली नाहीत. मुलीसाठी बादशहाने रोज सदका वाटला, कैदी सोडले, दरबार आखडता घेऊन तो तिच्याजवळ बसू लागला. बरे व्हायला अनेक महिने गेले.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहानची लघवी अडली. तो काही दिवस झरोक्यात दिसला नाही आणि तेवढ्यावर चार भावांत युद्ध पेटले. जून १६५८ पासून तो आग्र्याच्या किल्ल्यात कैदेत होता. जहांआरा आपणहून त्याच्याबरोबर राहिली. जानेवारी १६६६ मध्ये तो वारला; तोवर साडेसात वर्षे तिने त्याचे केले. आपण भाजलो तेव्हा उशाशी कोण बसले होते, हे ती विसरली नसावी.

ज्याने बापाला कोंडले तो औरंगजेबही म्हातारा झालाच. १७०० साली, दख्खनच्या मोहिमेत, माण नदीकाठी खवासपूरला छावणीत पूर शिरला. धावपळीत बादशहाचा उजवा गुडघा निखळला आणि तो कायमचा लंगडू लागला. ऐंशी ओलांडलेल्या या बापाचे घर सांभाळत होती त्याची मुलगी झीनतुन्निसा. तिच्याच छावणीत १६८९ पासून येसूबाई आणि बाळ शाहू कैदेत होते आणि बेगमने त्यांना मायेने वागवले, असे मराठी परंपरा सांगते. १७०७ मध्ये अहमदनगरला औरंगजेबाने डोळे मिटले, खुलदाबादला दफन झाले आणि मुलगे पुन्हा एकमेकांवर चालून गेले. शाहू सुटून साताऱ्याकडे आला. झीनतुन्निसा दिल्लीला परतली. दर्यागंजात तिने बांधलेली मशीद अजून उभी आहे.