चढणीचे मासे कुठे गेले?

पाटणला मृगाचा पाऊस पडला की चढणीच्या माशांचा विषय निघतो आणि हल्ली ‘यंदाही काही खरं नाही’ इथंच संपतो. कुणी पावसाला दोष देतो, कुणी बारीक आसाच्या जाळ्यांना, कुणी सुरुंग लावणाऱ्यांना. खोटं कुणाचंच नाही. पण दुखणं मला त्याहून जुनं वाटतं.

कर्नल साइक्स यांनी १८३९ साली मुळा-मुठेतल्या महसीरची नोंद केली, ती त्याचं ‘खुद्री’ हे इथलंच नाव ठेवून. हा मासा पहिल्या पुराबरोबर वर चढतो, वाहत्या पाण्यात गोट्यांवर अंडी घालतो. हेळवाकच्या वर कोयनेवर १९६०च्या दशकात १०३ मीटर उंचीचं धरण झालं. मासा ते चढणार कसा? त्यातही १०५ टीएमसीचा जलाशय भरेपर्यंत आषाढाचा लोंढा आतच थांबतो. शिवाय कृष्णा लवादानं वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मान्यता दिली. ते पोफळीला वीज करून वाशिष्ठीत जातं. धरणाखालच्या माशाला पुराचा सांगावाच पोचत नाही.

व्होल्गा नदीवर १९६१ साली व्होल्गोग्राडचं धरण पूर्ण झालं आणि स्टर्जन माशाची वाट अशीच तुटली. रशियनांनी मग हौदांत पिल्लं वाढवून नदीत सोडली. आपल्याकडे लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीनं महसीरची पैदास केली.

कोयनेतही पिल्लं सोडता येतील. पण त्यांना जूनमध्ये वाहतं पाणी हवं, आणि ते विजेच्या वाट्यातून काढावं लागेल. दिवा माझ्याही घरात लागतो. तरी नदीकाठच्या भोयांना याबद्दल कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.