मुंबईतून गेलेला निबंध

ग्रहांची हवा अवकाशात निसटून जाते, या विचाराचा इतिहास सांगताना सहसा आयर्लंडचे जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी आणि इंग्लंडचे जेम्स जीन्स यांच्यापासून सुरुवात होते. पण त्यांच्या बऱ्याच आधी हा विचार मुंबईत कागदावर उतरला होता. लिहिणारे होते जॉन जेम्स वॉटरस्टन, ईस्ट इंडिया कंपनीच्या नाविक छात्रांचे स्कॉटिश शिक्षक. मुंबईकरांना त्यांचे नाव ठाऊक असायला हवे, म्हणून हा लेखनप्रपंच.

वॉटरस्टन यांचा जन्म 1811 सालचा, एडिंबरोचा. आधी रेल्वेच्या कामावर, मग ब्रिटिश आरमाराच्या जलनकाशा विभागात नोकरी करून ते 1839 मध्ये मुंबईला आले. शिकवण्यातून उरलेल्या वेळात ते वाचत आणि आकडेमोड करत. उष्णता म्हणजे एक सूक्ष्म द्रव, ही समजूत तेव्हा अजून पक्की होती. वॉटरस्टन यांनी वेगळेच मांडले. वायू म्हणजे सतत धावणारे, एकमेकांवर आदळणारे रेणू, आणि उष्णता म्हणजे त्यांची ही धावपळ. तापमान सारखे असेल तर हलका रेणू जोरात धावतो आणि जड रेणू सावकाश. वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची सरासरी मात्र दोघांची सारखीच भरते.

एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो. वातावरणाच्या माथ्यावर, जिथे आदळायला दुसरा रेणू उरत नाही, तिथे एखादा रेणू पुरेशा वेगाने वर निघाला तर? तो परत येणार नाही. पृथ्वीवरून सुटायला सेकंदाला 11.2 किलोमीटर वेग लागतो, मंगळावरून 5 आणि चंद्रावरून जेमतेम 2.4. आपल्या खोलीतला ऑक्सिजनचा रेणू सरासरी अर्धा किलोमीटर जातो, हायड्रोजनचा जवळजवळ दोन. चंद्र उघडाबोडका का आणि पृथ्वीवर हवा का, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

हा निबंध 1845 च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटीकडे पोहोचला. परीक्षकांपैकी एकाने तो निव्वळ निरर्थक ठरवला. त्रोटक सारांश तेवढा छापला गेला. सोसायटीकडे आलेला निबंध लेखकाला परत मिळत नसे आणि वॉटरस्टन यांनी स्वतःजवळ नक्कल ठेवली नव्हती. 1857 मध्ये ते नोकरी सोडून मायदेशी गेले. त्यानंतर तीनच वर्षांनी मॅक्सवेल यांनी वायूंच्या गतीचा सिद्धांत स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला आणि कीर्ती त्यांच्याकडे गेली. 1883 च्या जूनमध्ये वॉटरस्टन एडिंबरोजवळ घरातून फिरायला बाहेर पडले, ते परतलेच नाहीत. 1891 मध्ये लॉर्ड रॅले यांनी सोसायटीच्या दफ्तरातून तो निबंध शोधून काढला आणि पुढच्या वर्षी प्रस्तावनेसह छापला.

त्या प्रस्तावनेत रॅले यांनी निबंधाची थोरवी मोकळेपणाने मान्य केली. सोबत तरुणांना सल्लाही दिला: अनोळखी माणसाने आधी लहानसहान कामांतून नाव मिळवावे, मोठी झेप नंतर घ्यावी. कुठल्याही विद्यापीठाच्या हजेरीपटावर नाव नसलेल्या माझ्यासारख्याला हा सल्ला व्यवहाराचा वाटतो आणि बोचतोही.

वॉटरस्टन यांनी सरासरी वेगाचा हिशेब केला होता. सगळे रेणू सरासरीने धावत नाहीत, काही फार पुढे असतात, हे मॅक्सवेल यांनी दाखवले. त्या पुढच्या मूठभरांवर जीन्स यांनी 1904 च्या ग्रंथात निसटण्याचे गणित बांधले. आज पृथ्वी दर सेकंदाला सुमारे 3 किलो हायड्रोजन आणि 50 ग्रॅम हेलियम गमावते. घाबरण्याचे कारण नाही. या गतीने समुद्र आटायला पृथ्वीच्या आजवरच्या वयाच्या शेकडो पट काळ लागेल. वर जाणारी वाफ दहा-पंधरा किलोमीटरवरच्या कडाक्याच्या थंडीत गोठते आणि खाली येते, म्हणून आपले पाणी टिकले.

शुक्राचे टिकले नाही, हे कळले कसे? मी गोवंडीत राहतो. शेजारीच अणुशक्तीनगर आणि त्यापलीकडे तुर्भ्याची अणुभट्टी, त्यामुळे ‘जड पाणी’ हा शब्द आमच्या भागाला परका नाही. आपल्या पाण्यात साधारण साडेसहा हजार हायड्रोजन अणूंमागे एक दुप्पट वजनाचा असतो, तो ड्युटेरियम. रायगड जिल्ह्यातल्या थळच्या कारखान्यात तो खटाटोप करून वेगळा काढतात. शुक्रावर हेच काम अनायासे झाले. अतिनील किरणांनी वाफ फोडली, साधा हायड्रोजन निसटला, जड मागे रेंगाळला. 1978 मध्ये अमेरिकेचे पायोनियर यान शुक्रावर उतरताना त्याच्या उपकरणाच्या तोंडाशी गंधकाम्लाचा थेंब अडकला आणि त्या थेंबातच ड्युटेरियम मोजता आला. पृथ्वीच्या सुमारे शंभरपट! शुक्रावर एकेकाळी आजच्या कितीतरी पट पाणी होते, याचा तो दाखला.

मंगळाची गोष्ट थोडी निराळी. तिथला कार्बन डायऑक्साइड जड आहे, नुसत्या उष्णतेने तो सुटणार नाही. पण मंगळाला पृथ्वीसारखे चुंबकीय कवच उरलेले नाही, त्यामुळे सौरवारा थेट हवेच्या माथ्याशी भिडतो आणि तिथले विद्युतभारित कण उलट आदळून जड अणूंनाही बाहेर उडवतात. 2014 च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेचे मेव्हेन आणि आपले मंगळयान दोनच दिवसांच्या अंतराने तिथे पोहोचले. मंगळयानातल्या ‘मेन्का’ या उपकरणाने त्या विरळ माथ्यातले वायू मोजले. मेव्हेनने हलक्या आणि जड आर्गॉनचे प्रमाण तपासले. 2017 मधला निष्कर्ष असा, की मंगळाच्या हवेतला सुमारे 65 टक्के आर्गॉन अवकाशात गेला आहे.

गेलेल्याचा हिशेब मागे राहिलेल्यावरून लावायचा, अशी ही सारी पद्धत आहे. वॉटरस्टन यांच्या बाबतीतही तेच घडले. ज्या नियमाने त्यांचा निबंध परत दिला नाही, त्याच नियमाने तो 46 वर्षे सांभाळला. दफ्तरात कागद होता, म्हणून माणूस सापडला. त्या काळच्या मुंबईत वॉटरस्टन यांच्यासारखे आणखी कुणी दिव्याखाली आकडेमोड करत बसले असतील आणि त्यांचे कागद कुठल्याच दफ्तरापर्यंत गेले नसतील, तर त्यांचा हिशेब लावायला आपल्या हाती काहीही नाही.