दुसरी बाजू कुणी ऐकवायची?

१९४९ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने, म्हणजे तिथल्या प्रसारण आयोगाने, नियम केला: रेडिओवर वादाचा विषय घेतलात, तर दुसरी बाजूही ऐकवा. १९८७ मध्ये काँग्रेस त्याचा कायदा करायला निघाली, तेव्हा रेगन यांनी नकाराधिकार वापरला. मुद्दा साधा होता: काय बोलायचं, ते सरकारने सांगू नये. ऑगस्टमध्ये नियमच गेला. वर्षभरात रश लिम्बॉ देशभर ऐकू येऊ लागले.

आता सप्टेंबर २०२५. जिमी किमेलच्या बोलण्यावरून त्याच आयोगाच्या अध्यक्षांनी वाहिनीला दम भरला. रिपब्लिकन टेड क्रूझ यांना किमेल मुळीच आवडत नाही. तरी तेच म्हणाले, ही तर माफियाची भाषा! कारण काठी आज आपल्या हातात आहे. पण उद्या?