वाइन आस्वादन

वाइन आस्वादन म्हणजे वाइनचा रंग, गंध, चव आणि घोट घेतल्यावर रेंगाळणारी चव तपासून तिची प्रत ठरवण्याची पद्धत होय. परीक्षण निःपक्षपाती व्हावे म्हणून बाटलीवरील नाव व किंमत झाकली जाते. त्यामुळे कमी किमतीची वाइनही सरस ठरू शकते.

महाराष्ट्रात नारायणगाव (पुणे जिल्हा) व नाशिक ही वाइननिर्मितीची प्रमुख केंद्रे आहेत. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. येथे वाइनच्या द्राक्षांची काढणी साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये, तर युरोपात सप्टेंबरच्या सुमारास होते. शेनिन ब्लाँसारख्या बहुतेक पांढऱ्या वाइन ताज्या असताना चांगल्या लागतात; म्हणून त्यांच्या निवडीत बाटलीवरील हंगामाचे वर्ष महत्त्वाचे असते. उष्णतेत साठवल्यास महागडी वाइनही बिघडते.