मोरचूद, मासे आणि प्रवाळ

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली सर्वसामान्य लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले. तेव्हापासून समुद्रातील मासे काचेमागे पाहण्याची सोय झाली. मात्र ते मासे जगवणे फार अवघड होते. पाणी स्वच्छ असे, खाणे वेळेवर मिळे, तरीही कधी कधी टाकीतले बहुतेक मासे आठ-दहा दिवसांत मरून जात. या मृत्यूंचे कारण कसे सापडले, त्यावर औषध कोणते निघाले आणि पुढे ते औषधच अडचणीचे कसे झाले, हे आपण येथे पाहू.

गोड्या पाण्यातील माशांच्या अंगावर पांढरे ठिपके उठतात आणि ते एका एकपेशीय परजीवीमुळे उठतात, हे फ्रान्समधील फूके यांनी १८७६ साली दाखवले होते. त्या जीवाला इक्थिऑफ्थिरियस म्हणतात. समुद्री माशांचा परजीवी कळायला मात्र बराच काळ जावा लागला. लंडनच्या मत्स्यालयातील माशांच्या कल्ल्यांवर आणि कातडीवर ई. एम. ब्राउन यांना १९३१ साली एक वेगळा जीव सापडला. तो द्विकशाभिक गटातला होता. आज त्याला अमायलोऊडिनियम म्हणतात. न्यूयॉर्क मत्स्यालयातील रॉस निग्रेली यांनी १९३६ साली त्याचे जीवनचक्र तपशिलाने मांडले. जपानमध्ये सिकामा यांनी याच दशकात समुद्री माशांवरील पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे वर्णन केले. त्या रोगाच्या जीवाला क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स हे नाव १९५१ साली ब्राउन यांनीच दिले. योगायोग असा, की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय त्याच वर्षी सुरू झाले.

क्रिप्टोकॅरिऑनचे जीवनचक्र नीट पाहिले, तर निदान इतके फसवे का होते हे समजते. हा जीव माशाच्या कातडीत शिरून तीन ते सात दिवस तिथे पोसला जातो. मिठाच्या दाण्याएवढा ठिपका दिसतो, तो याच काळात. पोट भरले की तो मासा सोडून टाकीच्या तळाशी जातो आणि स्वतःभोवती कवच करून घेतो. या पुटीच्या आत त्याचे विभाजन होत राहते. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, एकेका पुटीतून शंभर-दोनशे पिल्ले बाहेर पडतात. त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

आता ज्याच्या टाकीतला मासा आजारी आहे, त्याच्या नजरेने पाहा. सोमवारी ठिपके दिसले, म्हणून त्याने एखादे औषध टाकले. शुक्रवारपर्यंत ठिपके गेले. औषध लागू पडले, असे तो समजतो आणि इतरांनाही तेच सांगतो. खरे तर औषध टाकले नसते तरी ठिपके गेलेच असते. रोग बरा झालेला नसतो, तो तळाशी जाऊन शेकडो पटींनी वाढत असतो. विशाल समुद्रात बहुतेक पिल्लांना मासा भेटतच नाही. टाकीत मात्र तेच मासे त्याच पाण्यात जवळच असतात. म्हणून दुसरी लाट पहिलीपेक्षा जबर येते.

दुसरी फसवणूक दोन रोगांच्या सारखेपणामुळे होते. अमायलोऊडिनियमचे ठिपके पिठासारखे बारीक असतात. तो आधी कल्ल्यांवर बसतो, त्यामुळे मासा धापा टाकू लागतो आणि अंगावर काही दिसण्याआधीच मरू शकतो. खात्री करायची तर कातडीचा किंवा कल्ल्याचा लहानसा अंश सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. क्रिप्टोकॅरिऑन केसासारख्या तंतूंच्या हालचालीने सावकाश गरगर फिरताना दिसतो, तर अमायलोऊडिनियम मुळांसारख्या धाग्यांनी चिकटून स्थिर बसलेला असतो.

औषधाच्या बाबतीत मोठे पाऊल सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयात पडले. तेथील रॉबर्ट डेम्पस्टर यांनी १९५५ साली अमायलोऊडिनियमवर मोरचुदाचा उपाय प्रसिद्ध केला. द्राक्षबागांत फवारतात त्या बोर्डो मिश्रणातला हाच मोरचूद. पाण्यात विरघळलेले तांबे मोकळ्या पिल्लांना मारते. कातडीत शिरलेल्या किंवा पुटीत बसलेल्या जीवांपर्यंत ते पुरेसे पोचत नाही. म्हणून मात्रा एकदा देऊन भागत नाही. लिटरमागे साधारण ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम तांबे दोन-तीन आठवडे टिकवून ठेवावे लागते आणि ते रोज मोजावे लागते. कमी झाले तर रोग राहतो, जास्त झाले तर मासाच दगावतो.

याच सुमारास मत्स्यालयाचे रूप बदलू लागले. जकार्त्याचे ली चिन एंग यांनी समुद्रातले जिवंत खडक आणि प्रवाळ टाकीत ठेवण्याची आपली पद्धत १९६१ साली लिहून प्रसिद्ध केली. पुढे प्रवाळांच्या टाक्या लोकप्रिय झाल्या आणि मोरचुदाची पंचाईत झाली. माशाला सोसणारे तांबे प्रवाळ, कोळंबी आणि शिंपल्यांना मारक ठरते. शिवाय चुनखडीचे खडक तांबे शोषून घेतात, त्यामुळे मात्रा स्थिर राहत नाही.

यातून वाट काढली ती जीवनचक्राच्या ज्ञानाने. इस्रायलमधील ऐलात येथे अँजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात या परजीवीचा बारकाईने अभ्यास केला. पाण्याचा खारटपणा निम्म्याहून कमी केला तर पुट्या फुटतात, पण अनेक मासे तग धरतात, हे दिसून आले. दर तीन दिवसांनी मासे स्वच्छ, कोरड्या करून भरलेल्या टाकीत हलवले, तरीही चक्र तुटते. कारण पुट्या मागे राहतात. प्रवाळांना कमी खारटपणाही सोसत नाही. म्हणून मासे वेगळ्या टाकीत नेऊन तिथे त्यांच्यावर उपचार करायचे आणि मूळ टाकी माशांविना ठेवायची, हा मार्ग रूढ झाला. मासा नसेल तर पिल्ले उपाशी मरतात, प्रवाळांवर ती जगू शकत नाहीत. यासाठी सहा आठवडे तरी थांबावे लागते; काही पुट्या दोन महिन्यांहूनही अधिक टिकतात, म्हणून जास्त थांबणे चांगले.

पुढे जनुकीय तपासणीतून आणखी एक गोष्ट कळली. क्रिप्टोकॅरिऑन आणि गोड्या पाण्यातील इक्थिऑफ्थिरियस यांची राहणी इतकी सारखी असूनही ते जवळचे नातलग नाहीत. सारख्या परिस्थितीत दोघांची जीवनरीत स्वतंत्रपणे सारखी घडली.

वर्गात हा विषय घेताना शिक्षकांनी फळ्यावर एक आलेख काढावा, असे आम्ही सुचवतो. आडव्या अक्षावर दिवस आणि उभ्या अक्षावर ठिपक्यांची संख्या घ्यावी. ठिपके वाढतात, शून्यावर येतात आणि पुन्हा वाढतात. आता विद्यार्थ्यांना विचारावे, ‘चौथ्या दिवशी दिलेले औषध खरोखर लागू पडले का, हे कसे ठरवाल?’ औषध न दिलेली दुसरी टाकी शेजारी हवी, हे उत्तर मुलांकडूनच येऊ द्यावे. आपोआप उतरणाऱ्या माणसाच्या तापालाही हाच प्रश्न विचारता येतो, हे त्यांच्या लक्षात यायला मग वेळ लागणार नाही.