इतर हक्कातल्या बाया

जुना सातबारा हातात घेऊन बघा. एका रकान्यात खातेदाराचं नाव, आणि बाजूला ‘इतर हक्क’ म्हणून दुसरा रकाना. सोसायटीचा बोजा, विहिरीतल्या पाण्याचा हिस्सा असल्या नोंदी तिथं सापडतात. त्याच रकान्यात, बोजाच्या वर नाहीतर खाली, घरातल्या बायांची नावं. विधवा चुलती, दिल्या घरी गेलेल्या बहिणी. खातेदाराच्या नावापुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. हा मॅनेजर बहुतेक बाप्याच असायचा. बाईचं नाव वर चढायचं ते नवरा गेल्यावर, आणि पोरं लहान असली तर तेही अ.पा.क. म्हणून. जमीन अज्ञान पोरांची, आई नुसती पालन करणारी.

राबायला मात्र इतर रकाना नव्हता. जातं, शेणघाण, खुरपण, काढणी, सगळं बायांकडं. पुढच्या सालाचं बी राखेत घोळून कणगीत ठेवायचं कामही त्यांचंच. नांगर तेवढा बाप्याचा.

माझ्या समजेत पहिला फरक पडला तो १९७२ च्या दुष्काळात. मी तेव्हा सहावीत होतो. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्ते अशी दुष्काळी कामं निघाली आणि अख्खी घरं कामावर गेली. (मिलोच्या भाकरी अजून जिभेवर आहेत, पण तो वेगळा विषय.) मस्टरवर आईचं नाव वडलांच्या खाली होतं, पण वेगळ्या ओळीत. अंगठा तिचा, पैसे तिच्या हातात. बागाईतदाराकडं खुरपायला जायची तेव्हा तिला बाप्यापेक्षा कमी मिळायचं, तेही कधी धान्यात. इथं मोजमापावर पैसे होते, आणि खडीच्या ढिगाला बाई-बाप्या कळत नाही. पुढं १९७७ ला रोजगार हमीचा कायदा झाला, १९७९ पासून लागू झाला. त्यातही दोघांना दर एकच.

नोव्हेंबर १९८६ ला शेतकरी संघटनेनं चांदवडला बायांचं अधिवेशन भरवलं. आमच्या नगरकडच्या भागातूनही बाया भाकरी बांधून ट्रकनं गेल्या. त्यानंतर काही वर्षांनी शरद जोशींनी लक्ष्मीमुक्ती काढली. नवऱ्यानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्यायचा, आणि ज्या गावात असे शंभर जण निघतील तिथं आपण स्वतः येऊ, असा त्यांचा शब्द. बऱ्याच गावांनी केलं. आमच्या पारावर मात्र एकच सवाल, “उद्या ती माहेरी निघून गेली तर?” दारूपायी जमीन फुंकणारे बाप्ये त्याच पारावर बसलेले असायचे. त्यांच्याबद्दल कुणी सवाल काढला नाही.

१९९३ पासून पंचायतीत बायांना तिसरा हिस्सा मिळाला, २०११ पासून आपल्या राज्यात निम्म्या जागा. सुरुवातीला खुर्चीवर सरपंचपतीच बसायचे. अजूनही काही बसतात.

जमिनीचं घोडं मात्र कायद्यानंच पुढं रेटलं. १९९४ ला राज्यानं मुलीला वडिलार्जित जमिनीत जन्मानं हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ ला केंद्रानं तो भेदही काढला. २०२० ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, २००५ ला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही.

आणि गावात हक्कसोडपत्रं सुरू आहेत ती आहेतच. भाऊ गाडी करून बहिणीला आणतो, सही होते, साडीचोळी होते. जमीन नको म्हणून ती सही करत नाही. भाऊबीजेला माहेरचं दार उघडं राहावं म्हणून करते. मला तरी याला सोडणं म्हणवत नाही. भावाचंही अगदी खोटं नाही, दोन एकराचे पाच तुकडे केले तर औत वळायला जागा राहत नाही. पण तीन भावांत वाटताना हा हिशोब कुणालाच आठवत नाही.

आता रस्त्यात जमिनी चालल्यात, मोबदल्यासाठी बहिणींच्या सह्या लागतात. मागं तहसीलच्या आवारात एका बाईनं दस्त लिहिणाऱ्याला सांगितलं, “आधी समदं वाचून दाखवा.”

भाऊ म्हणाला, “अक्का, माझ्यावर इश्वास नाही व्हय?”

“हाय की. मंग वाचायला काय जातंय?”

दस्त लिहिणाऱ्यानं चष्मा चढवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागला.