मुस्तेर आणि मावशी

आईच्या बहिणीला स्वीडिश मूल ‘मुस्तेर’ म्हणते. शब्द कानाला परका, पण उकलला की आत ‘मुदेर’ म्हणजे माता आणि ‘सिस्तेर’ म्हणजे स्वसा, अशा दोघी निघतात. संस्कृत मातृष्वसृ, प्राकृत माउस्सिआ आणि आपली मावशी यांची घडण नेमकी हीच. तरी मुस्तेर ही मावशीची थेट वंशज वा पूर्वज नव्हे; घटक मूळचे एकच असले, तरी जोड दोन्हीकडे स्वतंत्रपणे झाली असावी.

बापाची बहीण ‘फास्तेर’. हिच्या जोडीची पितृष्वसृ बंगालीत ‘पिशी’ होऊन सुखाने नांदते आहे. मराठीत मात्र तिचा पाट आत्याबाईंनी बळकावला, आणि आत्या तर कानडी अत्ते, तेलुगू अत्त यांच्या गोतातली दिसते. कानडीत अत्ते म्हणजे सासूही. आतेमामे भावंडांची लग्ने जिथे होतात, तिथे हा शब्द रुजावा यात नवल नाही.

आईची आई तिकडे ‘मुरमुर’ (चिवड्याशी संबंध नाही) आणि बापाचा बाप ‘फारफार’. मातामही आणि पितामही यांत संस्कृत जो भेद करते, तो स्वीडिशमध्ये आजही रोजच्या बोलण्यात आहे. आर्यक-आर्यिकांपासून आलेले दिसणारे आपले आजा-आजी त्या भानगडीत पडत नाहीत.

मूल म्हणजे ‘बार्न’. याच्या मुळाशी भार, भरण यांतला भृ धातू आहे. जे पोटात वाहिले ते बार्न. अंगावर पिण्याला ‘दीया’ म्हणतात. संस्कृत धयति, धात्री आणि फारसी दाया ही त्याचीच भावंडे. आपल्या दाईला फारसीतून आलेली मानावे की धात्रीची लेक, हा वाद रंगवण्याजोगा आहे. स्वीडनमध्ये मूल वाढवण्याचा भार एकट्या आईवर राहू नये म्हणून 1974 पासून बाळाच्या संगोपनाची भरपगारी नसली तरी भत्त्याची रजा बापालाही मिळू लागली. आज एका मुलामागे असे 480 दिवस मिळतात. त्यांतले 90-90 दिवस दोघांना एकमेकांना देता येत नाहीत. रजा सरली की मूल ‘दागिस’ला, म्हणजे पाळणाघरात जाते. त्यातला ‘दाग’ म्हणजे दिवस. तो दह् धातूशी, म्हणजे आपल्या निदाघाशी जोडला जातो. स्वीडनच्या थंडीत दिवसाला ‘जळता’ म्हणणारे पूर्वज कुठून आले असतील!

लग्नावाचून एकत्र राहणारा जोडीदार तो ‘सामबू’. साम म्हणजे सह, बू म्हणजे राहणे. हा बू संस्कृत भू धातूचा सख्खा भाऊ. ‘असणे-होणे’ हा अर्थ तिकडे ‘वस्ती करणे’ याकडे झुकलेला दिसतो. म्हणजे सामबूचे शब्दशः रूप संभू! संस्कृतात सम्+भू म्हणजे एकत्र येणे आणि जन्मणेही. दोन्ही अर्थ या घराला लागू पडतात. सामबूंच्या सामाईक घराचा कायदा 1987 साली झाला, 2003 साली त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. मोठे होऊनही आईकडेच राहणाऱ्या मुलाला थट्टेने ‘माम्बू’ म्हणतात.

अशा घरांत पूर्वीच्या जोडीदाराची मुलेही असतात. सावत्र आईला जुना शब्द ‘स्तीवमुर’. त्यातल्या ‘स्तीव’चा मूळ रोख मूल पोरके होण्याकडे असावा. आपल्या ‘सावत्र’ची वाट निराळी: सपत्नी, सापत्न, सावत्र. सपत्न म्हणजे तर शत्रू. एका भाषेने मुलाचे दुःख पाहिले, दुसरीने सवतींचे भांडण. हल्ली स्वीडिश मुले ‘बोनुसमामा’, ‘बोनुसपापा’ म्हणतात. लॅटिन बोनुस म्हणजे चांगला. दिवाळीला मिळतो तोच हा बोनस. शब्द जरा दुकानी वाटतो, पण सावत्रपेक्षा शतपटीने बरा. मराठीतही अशी घरे आता नवी नाहीत. मुलाला तोंडावर हाक मारता येईल असा देशी शब्द वाचकांपैकी कुणाच्या घरात रुळला असेल, तर त्यांनी तो जरूर कळवावा.